कौतुकाचें व्याकरण

प्रस्तावना लिहिण्याचें काम आमच्या वयाच्या प्राध्यापकांस चुकत नाहीं. पन्नाशी उलटली, केंस पिकले, नांवामागें ‘प्राध्यापक’ ही पदवी लागून बरींच वर्षें झालीं, म्हणजे जिल्ह्यांतील नवे लेखक हस्तलिखितें घेऊन दाराशीं येतात, आणि त्यांस विन्मुख पाठविणें माणुसकीस धरून होत नाहीं. अशीच एक प्रस्तावना आम्हीं गेल्या वर्षीं एका तरुण कवीच्या पहिल्या संग्रहास लिहिली. कवि आमचाच जुना विद्यार्थी. गोदाकांठच्या एका लहान गांवीं शेती सांभाळून शाळेंत शिकविणारा. चार पानें लिहिलीं. त्यांत ‘आश्वासक’, ‘मातीशीं इमान राखणारी’, ‘कौतुकास्पद’ वगैरे सारे शब्द होते. प्रकाशनसमारंभीं तींच वाक्यें भाषणांत पुनः म्हटलीं, टाळ्या झाल्या, आणि शाल व श्रीफळ घेऊन आम्ही विष्णुपुरीस परत आलों.

पंधरवड्यानें कवि घरीं आला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. उठतां उठतां तो संकोचानें म्हणाला, “सर, प्रस्तावनेनें मला फार धीर आला. पण एक विचारूं का? माझी नेमकी कोणती कविता आपल्याला आवडली, तें मला त्यांत सांपडलें नाहीं.” त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती, जाणून घ्यावें एवढीच इच्छा होती. आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें; काय दिलें तें येथें सांगण्यासारखें नाहीं. तो गेल्यावर प्रस्तावना काढून वाचली, तेव्हां ध्यानांत आलें कीं तिच्यांतील कवीचें नांव काढून दुसऱ्या कोणाचेंहि घातलें असतें, तरी बाकीचें एक अक्षर बदलावें लागलें नसतें.

इंग्रजी वाङ्मय शिकवितांना मुळाकडे जाण्याच्या हौसेनें आम्हीं तरुणपणीं थोडें ग्रीक शिकून घेतलें होतें. पांडित्य म्हणण्याइतकें तें कधींच झालें नाहीं. पण कोश व व्याकरण उघडून एखादा शब्द तपासण्यापुरतें उरलें आहे. त्या रात्रीं एक क्रियापद तपासावेंसें वाटलें. ‘थाउमाझो’ हें तें क्रियापद. आश्चर्य करणें, नवल वाटणें, वाखाणणें, आदरानें पाहणें इतक्या अर्थांनीं तें प्राचीन ग्रीक ग्रंथांत येतें. आणि इंग्रजींतून शिकलेल्या आपल्या पिढ्या ज्याला ‘ॲडमिरेशन’ म्हणतात, त्याचें ग्रीक नांव शोधूं लागल्यास प्रथम हेंच पुढें येतें. एका परक्या क्रियापदाच्या विभक्तींत मराठी प्रस्तावनेचा दोष सांपडेल, असें वाचकांस वाटणार नाहीं. आम्हांसहि वाटलें नव्हतें.

आधीं शब्दाचें कूळ पाहूं. ‘थाउमाझो’ हें क्रियापद ‘थाउमा’ या नामापासून झालें आहे, आणि ‘थाउमा’ म्हणजे नवल. हें नाम ‘थेआ’ म्हणजे पाहणें, दृश्य, या शब्दाशीं संबद्ध असावें असें भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. प्रेक्षक जेथें बसून पाहतात तें ‘थेआत्रोन’. आपल्या बोलण्यांत रुळलेला ‘थिएटर’ हा शब्द त्याचाच वंशज. होमर एखाद्या अपूर्व वस्तूचें वर्णन करतांना ‘पाहण्याजोगें नवल’ अशा अर्थाची एक ठराविक शब्दजोडी वापरतो. वीराच्या चिलखताविषयीं ती येते, आणि हेफाइस्टस या लोहार देवाच्या कारखान्यांतील सोन्याच्या चाकांवर आपोआप फिरणाऱ्या तिवयांविषयींहि येते. तात्पर्य, ग्रीकांचें नवल हें प्रथम डोळ्यांचें काम आहे. पाहिल्यावांचून थाउमा नाहीं.

आतां व्याकरण. या क्रियापदाच्या तीन मुख्य रचना आहेत. पहिली अगदीं सरळ: ज्याचें नवल वाटतें तें कर्म, त्याला द्वितीया. ‘मी या माणसाला थाउमाझो’, म्हणजे मी त्याला मानतों, वाखाणतों. दुसरी रचना अधिक सूक्ष्म आहे. तींत माणूस षष्ठींत जातो, आणि द्वितीयेची जागा त्याच्या एखाद्या गुणासाठीं, कृतीसाठीं राखली जाते; किंवा त्या जागीं एखादें उपवाक्य येतें. ‘मी या माणसाचें हें हें थाउमाझो.’ येथें नुसतें माणसाचें नांव घेऊन भागत नाहीं. ‘हें हें’ सांगावेंच लागतें, नाहींतर वाक्य उघडें पडतें. तिसरी रचना सर्वांत चमत्कारिक. आपण जेथें ‘असें आहे याचें मला आश्चर्य वाटतें’ म्हणूं, तेथें ग्रीक लेखक पुष्कळदां ‘असें असेल तर मला आश्चर्य वाटतें’ म्हणतो. गोष्ट डोळ्यांसमोर घडलेली असली, तरी तो तिला ‘जर’च्या पोटांत ठेवतो. व्याकरणकार याला शिष्ट भाषेंतील संयम म्हणतात. आश्चर्य करणारा स्वतःच्या खात्रीला थोडें मागें घेतो आणि वस्तूला बोलायला जागा देतो.

या क्रियापदाचा अर्थ सदैव गोडच असतो असेंहि नाहीं. सॉक्रेटिसाला इ. स. पूर्व 399 मध्यें अथेन्सच्या न्यायसभेनें देहान्ताची शिक्षा दिली. त्याचा शिष्य झेनोफोन यानें पुढें गुरूच्या आठवणी लिहिल्या, आणि त्या ग्रंथाच्या अगदीं आरंभीं हेंच क्रियापद घातलें: फिर्यादींनीं कोणत्या युक्तिवादांनीं अथेन्सकरांस पटविलें असेल, याचें आपण अनेकदां आश्चर्य केलें आहे, असें तो म्हणतो. येथें वाखाणणी नाहीं. अविश्वास आहे, दुःख आहे, आणि लगेच पुढें तपासणी आहे. फिर्यादींतील एकेक कलम घेऊन तो उत्तर देत जातो. एकच क्रियापद स्तुतीला चालतें आणि उलटतपासणीलाहि चालतें, ही गोष्ट टीकालेखन करणारानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दोहोंचा आरंभ एकाच ठिकाणीं, रोखून पाहण्यांत आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. या क्रियापदाचें वर्तमानकाळीं रूप परस्मैपदासारखें आहे, पण अभिजात ग्रीकांत त्याचा भविष्यकाळ बहुधा ‘थाउमासोमाइ’ असा, म्हणजे आपल्या आत्मनेपदासारख्या रूपाचा होतो. संस्कृत शिकलेल्यांस याचें नवल वाटूं नये, कारण आपला ‘विस्मय’ ज्या धातूपासून आला तो ‘वि’ उपसर्गासह ‘स्मि’ धातु आत्मनेपदीच आहे: ‘विस्मयते’. क्रियेचें फळ कर्त्याकडे परततें, असें आत्मनेपदाचें जुनें लक्षण आहे. ज्याला विस्मय होतो तो स्वतः कांहीं बदलतो. ‘स्मि’ म्हणजे मंद हसणें. इंग्रजींतील ‘स्माइल’ आणि लॅटिनमधील ‘मिरारी’, म्हणजे नवल करणें, हीं याच मुळाचीं असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि ‘मिरारी’पासूनच इंग्रजी ‘ॲडमायर’ निघाला. आपला विस्मय आणि इंग्रजांचें ॲडमिरेशन हीं दूरचीं भावंडें ठरतात, आणि दोघांच्या घरीं मूळ पुंजी एक स्मित आहे.

पण स्मिताला दांतहि असतात. ग्रीकांत वाखाणण्याचें दुसरें एक क्रियापद आहे, ‘आगामाइ’. तें तर सर्वस्वीं आत्मनेपदी वळणाचें. उत्तरकालीन गद्यांत त्याचा अर्थ ‘मी वाखाणतों’ असा निर्मळ आहे. होमरच्या काव्यांत मात्र तें हेव्यासाठींहि येतें. ‘ओडिसी’च्या पांचव्या सर्गांत कॅलिप्सो ही देवता, ओडिसियसला सोडून दे अशी आज्ञा आल्यावर, देवांवर चिडून बोलते, देवता मर्त्य पुरुषांच्या सहवासांत राहिल्या कीं देवांना तें खपत नाहीं, असा तिचा आरोप आहे, आणि तेथें हेंच क्रियापद आहे. नवल आणि मत्सर एका शब्दांत नांदतात. ॲरिस्टॉटलनें आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथांत यांची वांटणी करून दिली: दुसऱ्याचें चांगलें पाहून तें आपणांसहि मिळावें म्हणून झटणें तो ‘झेलोस’, ही सज्जनांची वृत्ति, आणि तें दुसऱ्याला मिळालें म्हणून जळणें तो ‘फ्थोनोस’, ही हलक्यांची.

आपल्या घरांतील बायकांना ही वांटणी ॲरिस्टॉटलनें शिकवावी लागली नाहीं. बाळाचें कोणी फार कौतुक केलें कीं आजी त्याच्या गालाला काजळाची तीट लावते, सायंकाळीं मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढते. कौतुकाची नजर आणि दृष्ट यांमध्यें एक बोटभर अंतर आहे, हें तिला ठाऊक असतें. आणि भाषेलाहि ठाऊक आहे. ‘त्याचें काय मोठें कौतुक!’ हें वाक्य ज्या स्वरांत म्हटलें जातें, तो स्वर प्रत्येक वाचकानें ऐकलेला आहे.

येथें आपण आपल्या शब्दाशीं आलों. ‘कौतुक’ हा संस्कृत शब्द. अमरकोशांत कौतूहल, कौतुक, कुतुक व कुतूहल हे चार एका ओळींत बसविले आहेत. म्हणजे मूळ अर्थ जाणण्याची उत्कंठा, औत्सुक्य. जुन्या मराठींत हा शब्द फार प्रशस्त होता. ज्ञानेश्वरींत तो नवल, लीला, सहजता अशा अनेक छटांनीं येतो. सहाव्या अध्यायाच्या आरंभीं मराठी बोलाविषयीं जी सर्वांस मुखोद्गत ओवी आहे, तींत तो तृतीया विभक्तींत आहे, आणि त्या तृतीयेचा अर्थ ‘कौतुकानें’ घ्यावा कीं ‘लीलया, सहज’ घ्यावा, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. आजच्या ‘कौतुकाची थाप’ या अर्थानें मात्र तो तेथें खचित नाहीं. अमृताशीं पैज लावणारा कवि आपल्या भाषेची पाठ थोपटीत नसतो.

आजच्या मराठींत कौतुकाच्या दोन रचना आहेत. एक: ‘मला त्याचें कौतुक वाटतें.’ दुसरी: ‘मी त्याचें कौतुक करतों.’ पहिलींत ‘मी’ चतुर्थींत गेलों. कर्ता कौतुक आहे, तें माझ्याकडे येतें, मला वाटतें. दुसरींत मी कर्ता झालों आणि कौतुक हें माझ्या हातचें कर्म झालें. तें मी करतों, वांटतों, प्रसंगीं राखूनहि ठेवतों. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे, हें एका कसोटीनें कळतें. ‘मास्तरांनीं मुलाचें कौतुक केलें’ हें वाक्य कानास सुखकर आहे. ‘मुलानें मास्तरांचें कौतुक केलें’ म्हणा, कोठेंतरी खटकतें. ‘आम्हीं ज्ञानेश्वरांचें कौतुक केलें’ असें कोणी लिहिलें, तर वाचक हंसेल. ‘करणें’ लागलें कीं कौतुक वरून खालीं वाहूं लागतें. वडिलांकडून लेकराकडे, अध्यक्षांकडून नवोदिताकडे. उलट ‘मला ज्ञानेश्वरांचें कौतुक वाटतें’ हें चालतें. ‘वाटणें’ खालून वर पाहूं शकतें. आमच्या मराठवाड्याच्या बोलींत याहून नेमका शब्द आहे: ‘अप्रूप’. तो ‘अपूर्व’ या शब्दापासून झाला, आणि त्याच्या पुढें सहसा ‘वाटणें’च येतें, ‘मी त्याचें अप्रूप करतों’ असें म्हणणारा क्वचितच भेटेल.

आमच्या प्रस्तावनेचा पहिला दोष हा कीं ती ‘करणें’ या क्रियापदाची होती. दुसरा दोष ग्रीक षष्ठीनें दाखविला: कवि होता, पण ‘हें हें’ नव्हतें. आम्हीं त्याला सरळ द्वितीयेंत घातलें आणि मोकळे झालों. आजकाल पुस्तकप्रकाशनाच्या व्यासपीठांवरून, सत्कारांतून, मासिकांच्या परिचयांच्या रकान्यांतून जी स्तुति ऐकूं येते, तिची परीक्षा याच कसोटीनें करावी. स्तुति जास्त होते अशी आमची तक्रार नाहीं; तिला कर्म नसतें, ही तक्रार आहे. आणि जिला कर्म नाहीं अशा स्तुतीनें लेखकाचें नुकसान निंदेपेक्षां अधिक होतें. निंदक निदान कोणत्या ओळीवर चिडला तें सांगतो.

मराठींत यावर उपाय आहे काय? आमच्या मतें आहे, आणि तो रोजच्या बोलण्यांतला आहे. ‘वाखाणणें’ हें क्रियापद घ्या. आज त्याचा अर्थ स्तुति करणें. पण तें आलें आहे ‘व्याख्यान’ या संस्कृत शब्दावरून, प्राकृत ‘वक्खाण’ या रूपानें. जुन्या भाषेंत त्याचा अर्थ उलगडून सांगणें, विवरण करणें असा आहे. ज्या समाजानें हा शब्द घडविला त्याला, नीट उलगडून सांगणें हीच स्तुति, असें वाटत असलें पाहिजे. नाहींतर एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर भाषा सहज गेली नसती. शिवाय हें क्रियापद सकर्मक आहे. त्याला ग्रीक ‘थाउमाझो’प्रमाणें कर्म लागतें. ‘ही ओळ वाखाणली’ असें आपण म्हणतों, आणि म्हणतांच ‘कां’ हा प्रश्न पुढें उभा राहतो.

ज्या गांवच्या शेजारीं बसून आम्ही हें लिहीत आहों, त्या नांदेडशीं विवरणाच्या या परंपरेचा जुना संबंध सांगतात. काशींत सोळाव्या शतकांत नांवारूपास आलेलें शेष हें वैयाकरणांचें घराणें मूळचें गोदातीरींच्या नांदेडचें मानलें जातें. मराठी कवि वामन पंडितांचेंहि नांव परंपरा याच घराण्याशीं जोडते. शेष कृष्णानें रामचंद्राच्या ‘प्रक्रियाकौमुदी’वर ‘प्रक्रियाप्रकाश’ ही टीका लिहिली. येथें ‘टीका’ हा शब्द वाचकांनीं त्याच्या जुन्या अर्थानें घ्यावा: टीका म्हणजे ग्रंथाला चिकटून, पदापदाला थांबून केलेलें विवरण. त्याचाच शिष्य भट्टोजी दीक्षित. त्यानें ‘प्रौढमनोरमे’ंत गुरूच्या मतांचें खंडन केलें. गुरुद्रोहाचा हा प्रकार जगन्नाथ पंडिताला सहन झाला नाहीं. त्याचे वडील पेरुभट्ट हे शेष कृष्णाच्या पुत्रापाशीं शिकले होते. त्यानें मनोरमेच्या खंडनासाठीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्याचें नांवहि असें ठेवलें कीं तें सभ्य घरांत उच्चारतांना चांचरावें लागतें. भांडण कडाक्याचें होतें. पण या तिघांत एक गोष्ट समान होती: कोणीहि दुसऱ्याला न वाचतां मानलें नाहीं, आणि न वाचतां मोडलेंहि नाहीं. भट्टोजीनें गुरूचें वाक्य समोर ठेवून तें कां टिकत नाहीं हें सांगितलें. आमच्या मतें, प्रस्तावनेंत नुसती पाठ थोपटणाऱ्या आमच्यापेक्षां, गुरूचा शब्द न् शब्द तपासून नाकारणाऱ्या त्या शिष्यानें गुरूला अधिक मान दिला.

नांदेडचा दुसरा वारसा नवलाविषयीं याहून खोल कांहीं सांगतो. गुरु गोविंदसिंग 1708 मध्यें येथेंच दिवंगत झाले, आणि ग्रंथसाहिब हाच यापुढें गुरु, ही त्यांची आज्ञा शीख परंपरा याच गांवाशीं जोडते. महाराजा रणजितसिंगांच्या काळीं, 1832 ते 1837 या वर्षांत, हुजूर साहिबाची आजची वास्तु उभी राहिली. तेथें जो नामघोष अहोरात्र कानीं पडतो, त्या ‘वाहेगुरू’ शब्दांतील ‘वाह’ हा आश्चर्याचा उद्गार आहे, अशी त्याची सर्वसामान्य फोड आहे. व्याकरणदृष्ट्या ‘वाह’ हें केवलप्रयोगी अव्यय. त्याला कर्ता नाहीं, कर्म नाहीं, विभक्ति नाहीं. मग आमचा सिद्धान्त येथें फसला काय?

फसला नाहीं, कारण गुरु नानकांनीं त्या उद्गाराला पुढें वाक्य दिलें आहे. गुरुद्वारांत पहाटे गायिल्या जाणाऱ्या ‘आसा दी वार’ या रचनेंत ‘विस्माद’ या शब्दाचा एक प्रसिद्ध भाग आहे. ‘विस्माद’ हा आपल्या ‘विस्मया’च्या कुळांतला. त्या भागांत नानक ‘सर्वच नवल आहे’ एवढें म्हणून थांबत नाहींत. नाद घेतात, वेद घेतात, जीव आणि त्यांचे भेद घेतात, वारा, पाणी, अग्नि घेतात. आणि प्रत्येकाच्या पुढें तो शब्द स्वतंत्रपणें ठेवतात. एका विस्मयांत दहा वस्तु कोंबलेल्या नाहींत. ज्या त्या वस्तूला ज्याचा त्याचा विस्मय दिला आहे. ग्रीक षष्ठीचा आग्रह येथें विभक्तीवांचून पाळला गेला आहे. त्याच ग्रंथांत आपल्या नामदेवांचीं 61 पदें आहेत, आणि ज्या नरसीला एक परंपरा त्यांचें जन्मस्थान मानते, ती येथून फार दूर नाहीं. पंजाबी बांधवांनीं नामदेवांचा गौरव केला तो ‘थोर मराठी संत’ म्हणून एक वाक्य लिहून नव्हे. पदें जतन केलीं, रागांत बसविलीं, आणि आजवर गात आले. वाखाणणें याहून वेगळें काय असतें?

यावर एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. नवल हें अज्ञानाचें अपत्य नव्हे काय? ज्याला कारण कळलें त्याला नवल उरत नाहीं. रोमन कवि होरेस यानें तर कशाचेंहि नवल न करणें हाच सुखाचा मार्ग सांगितला. ॲरिस्टॉटलहि एका परीनें हेंच म्हणतो. माणसें तत्त्वचिंतनाकडे वळलीं तीं नवल वाटल्यामुळें, हें त्याचें मत सर्वश्रुत आहे. पण तो पुढें असेंहि सांगतो कीं ज्ञानाचा शेवट उलट अवस्थेंत व्हावयास पाहिजे. चौरसाचा कर्ण त्याच्या बाजूच्या मापानें नेमका मोजतां येत नाहीं, याचें अडाण्याला नवल वाटतें. भूमितिज्ञाला मात्र तो मोजतां आला तरच नवल वाटेल.

भूमितीपुरतें हें खरें आहे. काव्यांत मात्र कारण कळल्यानें नवल आटत नाहीं. चांगली ओळ कशी साधली हें कळलें म्हणजे ती पुनः वाचावीशी वाटते. आपल्या साहित्यशास्त्रानें हें ओळखलें होतें. विश्वनाथानें ‘साहित्यदर्पणां’त आपल्या नारायण नांवाच्या पूर्वजाचें मत नमूद केलें आहे कीं रसाचें सार चमत्कार हें असल्यामुळें सर्वत्र अद्भुत हाच रस होय. आणि भरतानें विस्मय हा ज्याचा स्थायीभाव, त्या अद्भुताचे अनुभाव सांगतांना जो क्रम दिला आहे, तो प्रत्येक प्रस्तावनालेखकानें लिहावयाच्या मेजावर लावून ठेवावा असा आहे. आधीं डोळे विस्फारणें, मग पापणी न लववितां पाहणें, मग रोमांच व अश्रु. आणि ‘साधु साधु’ म्हणणें हें या सर्वांच्या मागून. आम्हीं आरंभच ‘साधु साधु’पासून केला होता.

‘कौतुक’ शब्दाचा एक जुना अर्थ अद्याप सांगावयाचा राहिला. संस्कृतांत लग्नाच्या वेळीं मनगटावर बांधण्याच्या मंगल सूत्रालाहि कौतुक म्हणतात. ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गांत पार्वतीची आई मेना लेकीच्या हातांत तें लोकरीचें सूत्र बांधते. तिचे डोळे पाण्यानें भरलेले असतात, म्हणून सूत्र भलत्याच जागीं बसतें. आणि दाई आपल्या बोटांनीं तें सारून योग्य ठिकाणीं आणते. कालिदासानें हें टीकाकारांसाठीं लिहिलें नाहीं. पण त्या रात्रीं आम्हांस त्यांत आपलें काम दिसलें. आईनें डोळे भरून बांधावें. तिला तो अधिकार आहे. आम्हीं आई व्हावयाचें नव्हतें. आमचें काम दाईचें होतें. सूत्र मनगटावर नेमकें कोठें बसतें, तें पाहण्याचें.

मग संग्रह पुनः काढला, पेन्सिल घेतली, आणि पहिल्या पानापासून बसलों. दोन दिवस लागले. सत्तावीस कवितांपैकीं बऱ्याचशा मध्यम निघाल्या. चारपांच तर आमच्याच प्रस्तावनेसारख्या, कोणाच्याहि नांवावर खपतील अशा. पण एका कवितेपाशीं थांबलों. विहिरीवर मोट थांबून वर्षें झालीं, आणि थारोळ्याच्या दगडावर पाणी पडून पडून झालेला खळगा उरला आहे; बाप त्या खळग्यांत आतां चिमण्यांसाठीं पाणी ओततो, एवढाच विषय. कवितेंत ‘आठवण’, ‘वेदना’, ‘काळ’ यांपैकीं एकहि शब्द नाहीं. शेवटचें क्रियापद वर्तमानकाळीं आहे, आणि बाकीचीं सर्व भूतकाळीं. त्या एका काळाच्या बदलानें सारी कविता उभी राहिली आहे. हें आम्हीं पहिल्या वाचनांत पाहिलेंच नव्हतें.

कवीला पत्र लिहिलें. ही कविता, हें क्रियापद, हें कारण, असें मांडून लिहिलें. आणि ज्या चारपांच उणीव असलेल्या वाटल्या, त्यांचींहि नांवें व कारणें लिहिलीं. पुढच्या रविवारीं तो आला. उणिवांपैकीं दोन त्यानें मान्य केल्या, दोहोंविषयीं आमच्याशीं वाद घातला, आणि एका ठिकाणीं आम्हांस माघार घ्यावी लागली. गांवाकडच्या एका शब्दाचा अर्थ आम्हांला ठाऊक नव्हता. मोटेच्या कवितेविषयीं तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “सर, ती मी गाळणारच होतों. फार साधी वाटली म्हणून.”

दुसरी आवृत्ति निघेल तेव्हां जुनी प्रस्तावना काढून टाकावी, अशी आम्हीं त्याला विनंति केली आहे. नवी लिहिली तर ती दीड पानाची होईल. तींत एका कवितेविषयीं, आणि तिच्या शेवटच्या क्रियापदाविषयीं लिहूं.